डबा कुणाच्या हातात? इव्हेंट लूप, सोप्या भाषेत

भाची इथेच इंदूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात प्लेसमेंटचे वारे वाहू लागले तशी परवा लोकमान्य नगरात आमच्याकडे आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "मामा, नोड सिंगल थ्रेडेड आहे ना? मग एका वेळी हजार जणांना पुरं कसं पडतं? ज्याला विचारावं तो 'इव्हेंट लूप' म्हणतो आणि मोकळा होतो. लूप म्हणजे व्हाइल. नुसत्या गरगर फिरण्यानं काय होणार?"

नोड म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन, आणि सिंगल थ्रेडेड म्हणजे त्यात काम करणारा धागा, थ्रेड, एकच. गरगर फिरण्यानं काहीच होत नाही, हे तिचं बरोबर होतं. इव्हेंट लूपची गंमत फिरण्यात नाही, थांबण्यात आहे. आणि तो लूप इतरांना वापरायला द्यायचा तर त्याचा इंटरफेस, म्हणजे बाहेरच्याला दिसणारी आणि हाताळता येणारी त्याची बाजू, कशी आखायची ही त्याहून मोठी गंमत. चाळीस वर्षं यावर भली भली माणसं डोकं खपवताहेत आणि अजून एकमत नाही. रात्री तिला सराफ्यात घेऊन गेलो. सगळी उदाहरणं तिथे ओट्यांवर मांडलेली असतात.

बाहेरगावच्यांसाठी सांगतो: सराफा म्हणजे राजवाड्यामागची सोन्याचांदीच्या पेढ्यांची गल्ली. रात्री पेढ्यांची शटरं पडली की त्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं लागतात आणि मध्यरात्रीनंतरही गर्दी हटत नाही.

कामापेक्षा खोळंबा जास्त

सर्व्हर म्हटलं की घाम गाळणारं यंत्र डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळ वाट बघत असतो. ३ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी टिचक्या मारतो. इंदूरहून अमेरिकेतल्या यंत्राला निरोप गेला आणि पाव सेकंदात उत्तर आलं असं धरलं, तरी तेवढ्यात ७५ कोटी टिचक्या हवेत गेल्या. एसएसडीवरून दोन अक्षरं वाचायची तर साधारण १०० मायक्रोसेकंद, म्हणजे ३ लाख टिचक्या.

प्रोग्रॅम जेव्हा कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, "या जोडणीवरून वाच" म्हणतो आणि माहिती अजून आलेली नसते, तेव्हा कर्नल त्याला तिथेच झोपवतो. माहिती आली की उठवतो. हे ब्लॉकिंग. गिऱ्हाईक एकच असेल तर याच्याइतकं सोयीचं काही नाही. पण भुट्ट्याचा कीस विकणाऱ्यानं पहिल्याच्या हातात द्रोण दिला आणि त्याचं खाऊन होऊन पैसे मिळेपर्यंत त्याच्याच तोंडाकडे बघत उभा राहिला, तर मागचे एकोणचाळीस जण गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचलेले असतील.

मग गडी वाढवा की!

भाचीचा पहिला आक्षेप हाच होता. गिऱ्हाइकामागे एक गडी, म्हणजे जोडणीमागे एक थ्रेड. हा मार्ग वाईट नाही. लोक उगाच त्याला नावं ठेवतात. शंभर-दोनशे जोडण्या असतील तर मीही तेच करीन.

अडचण पुढे येते. लिनक्सवर प्रत्येक थ्रेडच्या नावानं साधारणतः ८ एमबीचा स्टॅक, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, राखून ठेवला जातो. तो सगळा खरोखर वापरला जात नाही, तरी दहा हजार गडी ठेवले तर प्रत्येकाचं थोडंफार सामान असतंच, आणि एकाला बाजूला करून दुसऱ्याला पुढे आणण्यात वेळ जातो. शिवाय कढई एक आणि झारे दहा हजार, तेव्हा 'आधी माझा हात' ही भांडणं आली. १९९९ साली डॅन केगेल यांनी नेमका हाच प्रश्न मांडला: एका यंत्रानं दहा हजार गिऱ्हाइकं कशी सांभाळायची? तेव्हापासून त्याला 'सीटेनके' म्हणतात.

"पण गोमध्ये तर लाखभर गोरूटिन चालतात," ती म्हणाली. चालतात. गोरूटिन म्हणजे गो भाषेतले हलके थ्रेड. त्यांचा स्टॅक २ केबीपासून सुरू होतो, आणि २०२३ च्या जावा २१ मध्ये आलेले व्हर्च्युअल थ्रेडही त्याच वळणाचे. पण गोच्या रनटाइमचं, म्हणजे प्रोग्रॅमसोबत चालणाऱ्या भाषेच्या यंत्रणेचं, झाकण उघडून बघा, तळाशी ईपोल (कर्नलची वाट बघण्याची सोय, पुढे येईलच) लावून वाट बघणारा एक पोलर बसलेला आहे. वरचे गडी कागदी, खालचा लूप खरा. म्हणून 'थ्रेड की लूप' हे भांडण मला फारसं पटत नाही. लूप लागतोच, तो तुम्ही लिहायचा की भाषेनं लपवायचा, एवढाच प्रश्न.

"कुणाचं झालं का?" हे विचारायचं कसं

लूपचं पोटातलं काम तीन वाक्यांत सांगता येतं. ज्यांच्याकडे लक्ष ठेवायचं त्यांची नावं कर्नलला द्या. त्यांतलं कुणीतरी हलेपर्यंत झोपा. उठल्यावर जे हललं त्याचं काम करा, पुन्हा झोपा.

१९८३ च्या ४.२बीएसडी युनिक्समध्ये यासाठी सिलेक्ट आला. त्याची रीत अशी की मालकानं दर खेपेला सगळ्या गिऱ्हाइकांची यादी पोराच्या हातात द्यायची. पोरगा प्रत्येकापाशी जाऊन बघणार, यादीवर खुणा करून परत आणणार. मग मालकानं पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवून कुणापुढे खूण आहे ते शोधायचं. शिवाय यादीत जागा बहुतेक ठिकाणी १०२४. हजार जण नुसते गप्पा मारत उभे आणि एकालाच चटणी हवी, तरी खेप हजारांची.

२००० साली जोनाथन लेमन यांनी फ्रीबीएसडीत केक्यू आणला, आणि २००२ मध्ये दाविदे लिबेन्झी यांचा ईपोल लिनक्समध्ये आला. दोघांची मूळ कल्पना एकच: नाव वहीत एकदाच लिहा, नंतर फक्त हललेल्यांची नावं सांगा. मला विचाराल तर इंटरफेस म्हणून केक्यू जास्त देखणा. त्यात वहीतले दहा बदल आणि वाट बघणं एकाच हाकेत होतं. ईपोलमध्ये दर बदलाला वेगळी हाक. केक्यूत टायमर, सिग्नल, मेलेली प्रोसेस असं सगळं एकाच वहीत येतं. लिनक्सला त्यासाठी टायमरएफडी, सिग्नलएफडी, इव्हेंटएफडी अशी एकेक ठिगळं नंतर जोडावी लागली. तरी जग लिनक्सवर चालतं, त्यामुळे ठिगळांची सवय झाली आहे.

शिट्टी की दिवा

इथे एक बारीक फरक आहे आणि त्यानं पुष्कळांच्या रात्री खाल्ल्या आहेत. गिझरचा दिवा पाणी तापेपर्यंत लागलेला असतो. कधीही बघा, खरी स्थिती कळते. कुकरची शिट्टी एकदा होते. तेव्हा तुम्ही फोनवर असलात तर गेली.

ईपोल दोन्ही प्रकारे वापरता येतो. दिव्यासारखा वापरला तर जोपर्यंत न वाचलेली माहिती शिल्लक आहे तोपर्यंत तो दर फेरीला सांगत राहतो. शिट्टीसारखा वापरला तर नवीन काही आलं तेव्हाच सांगतो. मग तुमच्यावर जबाबदारी येते की कर्नल "आता काही नाही, नंतर ये" म्हणेपर्यंत वाचतच राहायचं. अर्धं वाचून सोडलं तर उरलेलं तसंच पडून राहतं आणि पलीकडचा उत्तराची वाट बघत बसतो. उलट, एखादा सतत पाठवतच असेल तर त्याचं संपेपर्यंत वाचत राहिल्यानं बाकीचे उपाशी. शिट्टीनं थोडा वेग मिळतो. पण तुमची लायब्ररी, म्हणजे इतरांच्या प्रोग्रॅमांत जोडायचा तयार कोड, दुसरे वापरणार असतील तर बाहेरून दिवाच दिसू द्या, शिट्टी आत ठेवा.

"येऊन घेऊन जा" की "भरून ठेवलाय"

आता मुद्द्याचं. सराफ्यात रबडी आणायची दोन प्रकारे. एक: दुकानदाराचा निरोप येतो, "गर्दी ओसरली, ये." तुम्ही जाता, तुमच्या डब्यात तुम्हीच घेता. दुसरी: डबा त्याच्याकडे ठेवून येता, तो भरतो आणि निरोप देतो, "भरून ठेवलाय."

सिलेक्ट, ईपोल, केक्यू हे पहिल्या जातीचे. ते फक्त तयारी कळवतात. वाचायचं काम तुमचंच. विंडोजनं १९९४ च्या एनटी ३.५ पासून कम्प्लीशन पोर्ट दिले, ते दुसऱ्या जातीचे. लिनक्सवर २०१९ मध्ये ५.१ आवृत्तीत येन्स आक्सबो यांचा आयओ-यूरिंग आला, तोही दुसराच. त्यात प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्यामध्ये दोन गोल रांगा असतात: एकीत कामाच्या चिठ्ठ्या टाकायच्या, दुसरीतून झालेल्या कामांच्या उचलायच्या. रांगांची जागा दोघांची सामायिक, म्हणून दर चिठ्ठीमागे कर्नलचं दार ठोठवावं लागत नाही.

वरवर बघता फरक छोटा वाटतो. पण तो डब्याचा आहे. पहिल्या पद्धतीत डबा, म्हणजे मेमरीतला बफर, कायम तुमच्या हातात. दुसऱ्या पद्धतीत निरोप येईपर्यंत तो कर्नलचा. मध्येच मन बदललं आणि तुम्ही डबा उचलून त्यात घरी आमटी ओतलीत, तर दुकानदार त्याच डब्यावर रबडीचा डाव धरून उभा आहे. प्रोग्रॅममध्ये याचं रूप असं: बफर मोकळा केला, ती जागा दुसऱ्या कामाला गेली, आणि कर्नलनं वरून येऊन तिथे भलतेच बाइट लिहिले. अशी चूक सापडायला आठवडे लागतात.

म्हणून रद्द करणं ही दुसऱ्या जातीत एका क्षणाची गोष्ट राहत नाही. "नको" असं सांगायचं, आणि "बरं, थांबलो" किंवा "उशीर झाला, भरून झालं" यांपैकी एक उत्तर येईपर्यंत डब्याला हात लावायचा नाही. ज्या इंटरफेसमध्ये 'रद्द करा' म्हटलं की लगेच सगळं संपलं असं दाखवलेलं असतं, तो एकतर आतून नकल करतो आहे किंवा त्यात घोळ आहे. रस्ट भाषेच्या मंडळींना आयओ-यूरिंग जड जातं ते इथेच: तिथे चालू काम रस्त्यात टाकून देण्याची मुभा आहे, आणि टाकलेल्या कामाबरोबर डबाही जातो.

पहिल्या जातीच्या बाजूनंही एक चांगला मुद्दा आहे. दहा हजार जोडण्या गप्प बसल्या आहेत आणि प्रत्येकीसाठी १६ केबीचा डबा आधीच कर्नलकडे ठेवला, तर १६० एमबी रिकाम्या डब्यांतच अडकली. आयओ-यूरिंगनं यावर काढलेली तोड मला आवडते: डब्यांची चळत दुकानातच ठेवून द्या, ज्याची रबडी येईल त्याला वरचा डबा.

नवा इंटरफेस आखायचा तर कुठली जात घ्यावी? माझं उत्तर ठरलेलं आहे: दुसरी. 'तयार आहे' म्हणणाऱ्या कर्नलवर 'भरून ठेवलाय' म्हणणारी लायब्ररी सहज बांधता येते. निरोप आला की लायब्ररीच जाऊन वाचते. उलट दिशेला कसरत होते. विंडोजवर तयारीची बातमी काढण्यासाठी लोक शून्य बाइट वाचायची विनंती टाकून बसतात. नोडला विंडोजवर न्यायचं ठरलं तेव्हा २०११ च्या सुमारास लिबयूव्ही हे नोडच्या पोटातलं लूपचं पॅकेज जन्माला आलं, आणि त्यानं 'भरून ठेवलाय' हाच चेहरा निवडला.

टोकन नंबर ७

ही गोष्ट भाचीला सगळ्यात आवडली. युनिक्समध्ये उघडलेल्या प्रत्येक जोडणीला एक नंबर मिळतो, आणि नियम असा की रिकाम्यांपैकी सगळ्यात लहान नंबर द्यायचा. आता समजा एका फेरीत कर्नलनं सांगितलं: ३ हलला, ७ हलला. ३ चं काम करताना तुम्ही ठरवलं की ७ ला निरोप द्यायचा, आणि जोडणी बंद केली. त्याच क्षणी नवं गिऱ्हाईक आलं. त्याला नंबर मिळाला ७. आता यादीतला पुढचा निरोप "७ हलला" तुम्ही कुणाला द्याल? जुन्याचा दहीवडा नव्याच्या हातात.

उपाय असा की नंबरावर भिस्त ठेवायची नाही. ईपोलमध्ये नाव लिहिताना ६४ बिटांची एक खूणचिठ्ठी सोबत देता येते आणि ती निरोपाबरोबर जशीच्या तशी परत मिळते. आयओ-यूरिंगमध्येही तसंच. त्या चिठ्ठीत जागेच्या नंबरासोबत 'कितवी पिढी' हेही लिहायचं. ७ नंबर, चौथी पिढी. निरोप तिसऱ्या पिढीचा असेल तर केराची टोपली. एवढं करून वापरणाऱ्याच्या हाती कच्चा नंबर जाऊच दिला नाही, तर ही चूक त्याला करताच येत नाही.

दारावरची खोटी पाटी

आतापर्यंत मी जोडण्यांबद्दल बोलत होतो. डिस्कवरच्या साध्या फाइलींचं काय? सिलेक्टला विचारलं तर फाइल 'कायम तयार' म्हणतो, मग वाचताना डिस्कसाठी भले खोळंबा होवो. ईपोलला फाइल द्यायला गेलात तर तो 'परवानगी नाही' म्हणून ती परतच करतो. नाव देऊन पत्ता शोधण्याचं, म्हणजे डीएनएसचं, सी लायब्ररीतलं नेहमीचं फंक्शनही खोळंबणारं.

लिबयूव्ही अशी कामं मागच्या दारानं काही थ्रेडांकडे पाठवतं. हे थ्रेड मुळात किती? ४. फाइली, डीएनएस, सांकेतिक लिपीची काही कामं, सगळं त्या चौघांवर. काही वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी नोकरीला असताना आमची नोडवरची सेवा रात्री अकराच्या सुमारास गप्प व्हायची. प्रोसेसर आरामात, मेमरी ठीक, लूप फिरतोय, आणि साध्या टेम्प्लेटच्या फाइली वाचायला मिनिट लागतंय. दोन रात्री मी डिस्कवर संशय घेऊन बसलो. शेवटी कळलं की त्या वेळेला चालणारं एक काम बाहेरच्या पत्त्यांचा शोध घेत होतं, डीएनएस सुस्त होता, आणि तेव्हाच्या जुन्या लिबयूव्हीत चारही गडी तिकडे हात बांधून उभे होते. फाइल वाचणारा पाचवा त्यांच्या मागे रांगेत.

इंटरफेसनं खोटं सांगितलं नव्हतं. पण 'खोळंबत नाही' या एकाच पाटीखाली खरोखर न खोळंबणारी आणि गुपचूप दुसऱ्याला खोळंबवणारी अशी दोन्ही कामं होती, आणि बाहेरून दोन्ही हाका सारख्याच दिसत होत्या. आयओ-यूरिंगचा मला मोठा आधार वाटतो तो यामुळे: फाइल आणि जोडणी तिथे एकाच रांगेत बसतात.

"मग सगळे आयओ-यूरिंगच का वापरत नाहीत?"

कारण नवं, मोठं आणि कर्नलच्या पोटात. २०२३ मध्ये गूगलनं सांगितलं की कर्नलमधल्या त्रुटी शोधण्याच्या त्यांच्या बक्षीस योजनेत आलेल्या ६० टक्के नोंदींनी आयओ-यूरिंगचा आधार घेतला होता. त्यांनी क्रोमओएसमध्ये तो बंद केला आणि अँड्रॉइडमध्ये ॲप्सच्या आवाक्याबाहेर ठेवला. अनेक कंटेनरांतही, म्हणजे प्रोग्रॅम बंदिस्त चालवायच्या कप्प्यांतही, तो अडवलेला असतो. म्हणजे लायब्ररीनं ईपोलचा रस्ता हाताशी ठेवायलाच हवा, आणि चेहरा दोन्हींवर एकच.

लूप कुणाच्या खिशात

लूप सगळ्यांना मिळावा म्हणून तो एखाद्या जागतिक चलात, म्हणजे प्रोग्रॅममध्ये कुठूनही दिसणाऱ्या नावाखाली, ठेवण्याचा मोह होतो. सोय होते, पण मग फंक्शनकडे बघून ते खोळंबेल की नाही, बाहेरच्या जगाला हात लावेल की नाही, काहीच कळत नाही. झिग भाषेच्या मंडळींनी २०२५ मध्ये वेगळी दिशा धरली: ज्या फंक्शनला वाचायचं-लिहायचं आहे त्याला 'आयओ' नावाची वस्तू हातात द्या, जशी तिथे मेमरी वाटणारी वस्तू आधीपासून देतात. ती वस्तू आतून थ्रेड वापरो, ईपोल वापरो की चाचणीसाठी खोटं घड्याळ, फंक्शनला पत्ता नाही.

पायथननं नेमकं उलट केलं. तिथे लूप हातात द्यायची सोय होती, ती २०२१ च्या ३.१० आवृत्तीत वरच्या पातळीच्या बहुतेक फंक्शनांतून काढून टाकली, कारण लोक चुकीचा लूप चुकीच्या ठिकाणी देत होते. मला दोघांचंही पटतं. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला तो ओझं वाटतो. सिस्टिम लिहिणाऱ्याला तो दिसायलाच हवा.

एसिंक-अवेट आलं म्हणून हा प्रश्न मिटत नाही, हेही जाता जाता. अवेट फक्त फंक्शनचे तुकडे पाडून ते थांबवता-उठवता येण्याजोगं करतं. उठवणारा कुणीतरी लागतोच. रस्टमध्ये एसिंक-अवेट २०१९ मध्ये पक्कं झालं, पण भाषेसोबत लूप दिलेला नाही. म्हणून टोकिओ या रस्टमधल्या प्रचलित लूपसाठी लिहिलेली बरीचशी लायब्ररी दुसऱ्या लूपवर चालत नाही.

आठ कोअर, एक लूप?

सोपं आहे: आठ लूप लावा. एन्जिनएक्स हे वेबसर्व्हर साधारणतः प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरमागे एक वर्कर ठेवतं, प्रत्येकाचा लूप स्वतंत्र. एका लूपच्या वस्तूंना दुसऱ्या थ्रेडनं हात लावायचा नाही; फक्त एक हाक कुठूनही मारता यावी, ती म्हणजे 'ऊठ'. झोपलेल्याला उठवायची जुनी युक्ती मजेदार आहे: लूप स्वतःच एक पाइप, म्हणजे एका टोकाला टाकलेलं दुसऱ्या टोकाला वाचता येणारी नळी, उघडून त्यावर लक्ष ठेवतो, आणि ज्याला उठवायचं तो त्यात एक बाइट टाकतो.

सराफ्यातून परत येताना तिला म्हटलं, लॅपटॉपवर लिनक्स आहे ना? नोडचा अगदी रिकामा सर्व्हर चालू कर आणि त्याला एस्ट्रेस लावून बघ. कर्नलला मारलेल्या हाका एकेक करून दिसतात. रात्री दीड वाजता स्क्रीनशॉट आला. काळा पडदा, शेवटच्या ओळीवर 'ईपोल-पीवेट', पुढे उघडा कंस, एक आकडा, स्वल्पविराम, आणि मग काही नाही. खाली तिनं लिहिलं होतं, "मामा, अडकलंय का?" मी लिहिलं, ब्राउझर उघड आणि एकदा त्याचं दार वाजव.